नवाबसाहेब दमतात तेव्हा

दारात मोटारसायकल असूनही अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात सगळ्यात जास्त पायी चाललेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या दाजींचं नाव घेईन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, पण स्वतः शाळाखात्यात. खेड्यापाड्यातल्या शाळा तपासत फिरायचं हे त्यांचं काम. अंगात काळा कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी, ती वाऱ्यानं उडू नये म्हणून उपरण्यानं हनुवटीखाली बांधलेली, अन् डोळ्यांवर गॉगल. या थाटात ते सकाळी निघाले की पोरं वेशीपर्यंत गाडीमागं पळायची. दुपारी तोच माणूस त्याच थाटात, गॉगलसुद्धा तसाच, मोटारसायकल हातानं ढकलत येताना दिसायचा. मग तीच पोरं पुढं होऊन ढकलू लागायची अन् दाजी घाम पुसत म्हणायचे, "हळू रे, हळू. नवाबसाहेब दमलेत."

नवाबसाहेब म्हणजे ती मोटारसायकल. निजामाच्या अमलात ती हैदराबादकडच्या कुण्या जहागीरदाराकडं होती. मग राज्य गेलं, जहागीर गेली, अन् फिरत फिरत ही गाडी बाजूच्या डोलीसकट, म्हणजे साइडकारसकट, दाजींच्या दारात येऊन उभी राहिली. दाजींचं शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की गाडीला मराठी कळत न्हाय. तेव्हापासून माणसांशी मराठीत, देवीशी संस्कृतात अन् मोटारसायकलीशी उर्दूत, अशी त्यांच्या जिभेची वाटणी झाली. किक मारायच्या आधी हात कपाळाला लावून "हुजूर, इजाजत है?" असं विचारायचे. इंजिन लागलं तर "शुक्रिया", न लागलं तर "मिजाज ठीक नहीं मालूम होता". चढ आला की टाकीवर थोपटून "हिम्मत, नवाबसाब, हिम्मत". मी तहसीलात टायपिस्ट लागलो अन् ताईकडंच राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी एकदा वैतागून चाकाला लाथ घातली. दाजींनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी पाटावर बसल्यावर ताटाकडं बघतच म्हणाले, "पाव्हणं, खानदानी माणसाला लाथ मारत न्हायत."

नवाबसाहेबांचं दुखणं एकच होतं, पण ते साऱ्या जिल्ह्याला पाठ होतं. सकाळी गार असताना एका किकेला चालू. गावाबाहेर असा काय आवाज करत सुटायचे की पाखरं उडायची, बैलगाडीचे बैल रानात घुसायचे. अन् काही मैल गेले, इंजिन चांगलं तापलं की एकाएकी फट्, फट्, फुस्स. संपलं. मग कितीही किक मारा, नवाब मुडद्यासारखे गप. सावलीला लावून विडा खाऊन झाला, गप्पा झाल्या, डुलकी झाली की पुन्हा एका किकेला चालू, जसं काही झालंच न्हाय. दाजींचं म्हणणं असं की हा बिघाडच न्हाय, हा स्वभाव आहे. "पिढ्यान्‌पिढ्या हे लोक उन्हात फिरले न्हायत," ते मला समजावून सांगायचे, "तू त्यांना तापवतोस, मग त्यांनी करावं काय?" त्यामुळं उपचारही तसलेच. डोलीत एक गोणपाट अन् पाण्याची कळशी कायम असायची. गाडी बंद पडली की गोणपाट भिजवून इंजिनावर घालायचं अन् उपरण्यानं वारा घालायचा. वैशाखात आपण ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो ना, तसा दाजींनी एक कांदा इंजिनाशेजारी बांधून टाकला होता. तो तापून असा वास सुटायचा की मागं बसणाऱ्याला भूक लागावी. अन् सांगायची गंमत म्हणजे गुण यायचा. गोणपाट, वारा, शायरी एवढं सगळं होईस्तोवर वेळ गेलेलाच असायचा, नवाब उठायचे, अन् दाजी माझ्याकडं असं बघायचे की जणू नाडी त्यांनीच धरली होती.

सोलापूरच्या मिस्त्रीकडंही नेलं होतं. त्यानं इंजिन खोललं, धुतलं, सगळी गाडी आरशासारखी पुसली, परत जोडलं. त्याच्या दारात नवाब तासन्‌तास चालले, तुळजापूरला येईपर्यंत कुठं खोकले न्हाईत. अन् दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला निघाले ते नेहमीच्या जागी आडवे. मिस्त्रीनं पुन्हा बोलावलं, पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. मी डोकं धरून बसलो, पण दाजी शांत. म्हणाले, "तिथं ते पाहुणे म्हणून गेले होते. घरंदाज माणूस परक्याच्या घरी दुखणं दाखवत न्हाय."

या दुखण्याचा खरा भोग कुणाला भोगावा लागला असेल तर तो नळदुर्ग रस्त्यावरच्या एका शाळेच्या गुरुजींना. त्यांची शाळा नेमकी गाडी तापायच्या टप्प्यावर. रस्त्याच्या कडेला मोठं कडुलिंबाचं झाड, अन् झाडामागं शाळा. दाजी लांबच्या गावाला म्हणून निघायचे, लिंबापाशी नवाब बसायचे, अन् रिकामं बसणं दाजींच्या स्वभावात न्हाय. मग ते आत जाऊन त्याच शाळेची तपासणी करायचे. लांबच्या शाळांतल्या मास्तरांनी दाजींचं तोंड बघितलं नसेल, पण या शाळेतली पोरं दाजींना मामा म्हणायला लागली होती. पाढे तर अशी म्हणायची की पुढच्या वर्गातल्यांनी लाजावं. शेवटी एक दिवस ते गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, लई उपकार होतील. एकतर माझी बदली करा, न्हायतर गाडीची."

आता ताईबद्दल सांगायला पाहिजे, ते मी मागं ठेवलं. ताईला गाडीचं भ्या वाटायचं. दाजी यायला उशीर झाला की ती ओसरीवर येऊन बसायची, समोर तांदळाचं सूप, अन् निवडलेलेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडायची, कान रस्त्याला. अन् उशीर तर रोजचाच. गाडी ठेवू देताना तिनं एकच अट घातली होती. देवीचं कुंकू पाण्यात चांगलं घट्ट कालवायचं, रोज निघताना तिच्या हातानं नवाबाच्या कपाळी लावायचं, अन् दाजी परत घरात येईपर्यंत तो टिळा कुणी हलवायचा न्हाय. नवाबाचं कपाळ म्हणजे टाकीवरचं पेट्रोलचं झाकण. तेवढंच गोल अन् समोर. त्यामुळं पेट्रोल काय ते घरी, सकाळी, धुतल्या फडक्यातून गाळून भरायचं, झाकण लावायचं, मग टिळा, वर अक्षता. वाटेत झाकणाला हात लावायचा न्हाय म्हणजे न्हाय. सूट फक्त मिस्त्रीपुरती, तीही ताईला विचारून. त्याला दाजींनी सांगितलं होतं, "टिळा धुवायचा तर तो आम्ही तुझ्या दारात पोचल्यावर, अन् माझ्यासमोर." कालच्या टिळ्यावर आजचा, आजच्यावर उद्याचा, असा त्या झाकणावर लाल पापुद्रा चढला होता. दाजी एरवी कशालाही हसायचे, पण टिळ्याला कधी हसले न्हाईत. ताई कुंकू लावायची तेव्हा गॉगल काढून हातात धरून उभे राहायचे.

त्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न जळकोटला निघालं. जळकोट आमचं गाव. ताई खरं म्हणजे आठवडाभर आधीच माहेरी जायची, पण तिच्या सासूबाई तापानं फणफणल्या अन् ती अडकली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीपुढं अक्षता ठेवायला अन् जमलं तर ताईला न्यायला जळकोटहून तुळजापूरला आलो. रात्री म्हातारीचा ताप उतरला. म्हणजे आता लग्नादिवशीच सकाळी निघायचं. मी म्हटलं पहिली एसटी धरू. दाजी म्हणाले, "साली तुमची न्हाय, माझी आहे. नवाबसाहेबांना आमंत्रण आहे." ताई कणीक मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "ऐकलं का. लोहाऱ्याचा तो कंत्राटदार गाडी विकत मागायला आला होता न्हवं? माझ्या बहिणीच्या डोक्यावर माझ्या हातची अक्षता पडली न्हाय, तर परवाच्या दिवशी तो नवाबाला घेऊन जाईल. मी स्वतः हाताला धरून डोलीत बसवीन त्याला."

दाजी हसले, पण ते हसणं जरा कोरडं होतं. ताई बोलली की बोलली, हे त्यांना ठाऊक होतं.

सकाळी निघालो. डोलीत ताई, हिरवं इरकल नेसलेली, मांडीवर अक्षतांचा डबा. पुढं दाजी, मागं मी. टिळा त्या दिवशी दुप्पट लावला होता तिनं. मलाही घाई होतीच. नवरीचा भाऊ मी, नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा, अन् तो मी लहानपणापासून मनात धरून ठेवलेला. लिंबाजवळ नवाब बसले. हे धरलेलंच होतं, वेळ राखून निघालो होतो. गुरुजी शाळेच्या दारातून बघून घाबरून आत गेले. उपचार झाले, उठलो. नळदुर्ग मागं पडलं, जळकोट आता टप्प्यात आलं, ऊन डोक्यावर चढायला लागलं, मुहूर्त जवळ आला, अन् उघड्या माळावर, जिथं सावलीला बाभळीचं एक खुरटं झाड सोडून काही न्हाय, तिथं फट्, फट्, फुस्स.

दाजी उतरले. गोणपाट भिजवलं. वारा घालायला लागले. "हुजूर, आज नहीं. बस आज नहीं," असं हळू आवाजात म्हणत होते. मी किक मारून मारून गुडघा मोडून घेतला. एक शेतकरी बैलगाडी घेऊन मागनं आला, थांबला, सगळं बघितलं अन् म्हणाला, "सायेब, बैल जोडून देऊ का? आमची बैलं दमत न्हायती बगा." कुणी हसलं न्हाय, तसा त्यानं विषय बदलला. म्हणाला, "जळकोटला लग्न हाय ते तुमचंच व्हय? वाजंत्री लागली की तिकडं. म्या ऐकत आलो."

ताई डोलीतनं उतरली. तिनं इंजिनावरचं ओलं गोणपाट उचललं, टाकीपाशी आली, अन् झाकणावरचा तो टिळा, दिवसांमागनं दिवस साचलेला, खसाखसा पुसायला लागली. लाल पाणी टाकीवरनं ओघळलं. "आजपासनं तुमच्या नवाबाला माझं कुंकू न्हाय," ती म्हणाली. "मी याची काळजी करायची अन् यानं मला भर माळावर बसवायचं." अन् म्हणतानाच तिचा हात थांबला. आपण काय पुसलं हे तिचं तिलाच दिसलं. चेहरा असा पांढरा पडला तिचा, की बैलगाडीवाला खाली मान घालून कासरा बघायला लागला.

अन् त्या शांततेत मला टाकीतनं बारीक आवाज आला. स्स्स. जसा कुणी लई वेळ दाबून धरलेला श्वास आत ओढावा तसा. मी दाजींकडं बघितलं. दाजींनी किक मारली. नवाब एका किकेला उठले.

जळकोटपर्यंत ते कुठं थांबले न्हाईत. आम्ही मांडवात शिरलो तेव्हा शेवटची मंगलाष्टकं चालू होती. ताईनं डबा उघडला, अक्षता टाकल्या, अन् पदर तोंडाला लावून जी रडली ती सगळ्यांना वाटलं बहिणीसाठी. मी कान पिळला, जरा जास्तच जोरात पिळला, पाव्हणा अजून बोलून दाखवतो. पंगतीत बातमी पसरली की आमच्या ताईच्या रागाला निजामाचा नवाब भ्याला. आमच्या आत्या तर दाजींना वाढता वाढता म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं काय चालत असंल मग घरात?" दाजी म्हणाले, "माझं इंजिन कधी तापतच न्हाय, आत्या." सगळा मांडव हसला. ताई तेवढी हसली न्हाय.

परत निघताना तिनं आईकडनं कुंकू मागून घेतलं, कालवलं, अन् झाकणावर लावलं. पहिल्यापेक्षा जाड. देवीला हात जोडून पुटपुटत होती, माफी मागत असावी. अन् निघालो तसे नळदुर्गाच्या अलीकडं नवाब पुन्हा बसले. ताई डोलीत डोळे मिटून होती, लग्नाच्या दगदगीनं तिला झोप लागली होती. मी वाकून झाकणाकडं बघितलं. मला माळावरचा तो आवाज आठवला. कुंकू नखानं जरा खरवडलं तर खाली झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक. मी कडेच्या बाभळीचा काटा मोडला, भोकात घातला. स्स्स. टाकीत वरनं हवा शिरायची ती वाट. ती बुजली की पेट्रोल खाली उतरायचं कशाला? थांबलं की हवा कुठनं तरी हळूहळू झिरपायची, अन् नवाब उठायचे. तापायचा संबंधच न्हाय. जहागीरदार, कांदा, गोणपाट, खानदान, कशाचाच न्हाय. सोलापूरचा मिस्त्री टिळा धुवायचा म्हणून त्याच्याकडं चालायचे. ताई रोज ओसरीवर ज्या उशिरासाठी जीव टांगून बसायची, तो उशीर ती स्वतःच सकाळी बोटानं लावून देत होती.

मला हे ओरडून सांगायचं होतं. मी "ताई" म्हणायला तोंड उघडलं, अन् दाजींनी माझं मनगट धरलं.

"गप," ते म्हणाले. त्यांनाही सगळं कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. गॉगल काढलेला होता. "सकाळी तिनं ते पुसलं, त्याचं भ्या अजून तिच्या अंगातनं गेलेलं न्हाय. आता तू तिला सांगणार, की तुझ्या कुंकवानंच रोज घात केला?"

"पण दाजी, मग रोजच बंद पडंल."

दाजींनी माझ्या हातातला काटा घेतला, उपरण्याला पुसला, अन् कोटाच्या खिशात ठेवला.

त्या दिवसापासून नवाबसाहेब बरे झाले. सकाळी ताई टिळा लावायची, दाजी गॉगल हातात धरून उभे राहायचे, "इजाजत" घ्यायचे अन् निघायचे. वेशीबाहेर पडलं, घर दिसेनासं झालं की गाडी थांबवायची, काटा काढायचा, टिळ्याच्या बरोबर मधोमध एक टोचा, अन् पुढं. टिळा हलला न्हाय, वचनही मोडलं न्हाय. लांबच्या मास्तरांना साहेब दिसायला लागले अन् त्यांची धावपळ उडाली. लिंबाखालच्या शाळेत पाढे कच्चे झाले. लोहाऱ्याचा कंत्राटदार एकदा येऊन चहा पिऊन गेला. ताई म्हणायची देवीनं ऐकलं. दाजी म्हणायचे, "ऐकलं खरं." एकदा कपडे धुताना ताईनं मला विचारलं, "यांच्या खिशात बाभळीचे काटे कशाला रे असतात?" मी म्हटलं, "दात कोरायला." ती म्हणाली, "असंल." अन् कोट पिळायला लागली.

पुढं माझी बदली लोहाऱ्याला झाली. गेल्या खंडेनवमीला मी ताईकडं गेलो होतो. नवाबाची पूजा झाली, झेंडूचा हार घातला, ताईनं टिळा लावला, अन् दाजी म्हणाले, "चल, नवाबसाहेबांना फिरवून आणू." मी डोलीत बसलो. वेशीबाहेर दाजी थांबले. सवयीनं काटा काढला, झाकणावर वाकले, अन् तसेच वाकलेले राहिले. मी उठून बघितलं. टिळा होता, नेहमीसारखा जाड, लाल, वर अक्षता. पण तो गोल कड्यासारखा होता. मधोमध करंगळीच्या टोकाएवढी जागा सोडलेली, अन् तिथं ते भोक उघडं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय माहीत," दाजी म्हणाले. "मी आता न बघताच टोचत होतो." मग काटा त्यांनी टाकला न्हाय, परत खिशात ठेवला. मी कशाला म्हणून बघितलं तर म्हणाले, "कोट ती धुती. खिशात काटा दिसला न्हाय तर तिला वाटेल, यांना कळलं, आता सांगायला पाहिजे."

आम्ही पुढं गेलो. नवाबसाहेब झकास चालत होते, खोकला न्हाय, कुरकुर न्हाय. लिंबाचं झाड आलं तशी दाजींनी आपणहून गाडी कडेला घेतली. हल्ली ते तिथं थांबतात. किक मारताना गुडघा धरतो त्यांचा, लांबचा रस्ता झेपत न्हाय. शाळेला सुट्टी होती, झाडाखाली कुणी नव्हतं. त्यांनी हनुवटीखालची उपरण्याची गाठ सोडली, टोपी काढून मांडीवर ठेवली, अन् टाकीवर हात ठेवून म्हणाले, "हुजूर, जरा ठहरिए. आज हम थक गए."